एक माप घट्ट

मळ्यातनं,
ता. कोरेगाव, जि. सातारा
२८ जानेवारी १९९६

चिरंजीव शंभूराज,

आजी अंबूबाईचा तुझ्या डोक्यावर हात. इकडं समदी ठीक. पायाचं प्लॅस्टर निघालं का ते कळव. जीप उलटली तवा तू आत बसला हुतास का मागं लटकला हुतास, ते काय तू लिहिलं न्हाईस. लटकलाच असशील. उसाच्या ट्रॉलीमागं लटकायची खोड तुझी, ती पलटणीत जाऊन बी गेली नसंल.

आता हे अक्षर बघ. वळखलंस का? न्हाई ना! माझं हाय! साक्षरतेच्या वर्गाला हरणाबाई आन मी एका पाटीवर बसायचो, तवा तू हसायचास, म्हातारी आता कलेक्टर व्हणार म्हणायचास. कलेक्टर काय झाले न्हाई, पण तुला पत्र लिहितेय बघ. दर खेपेला मी खाटेवरनं सांगते आन क्रांती लिहिती. या खेपेला म्हणलं, माझं मी लिहिते, तू तुझ्या नवऱ्याला तुझं लिही. ती हसली. आताशा कमी हसती, पण हसली.

म्हैस व्याली, रेडी झाली, कपाळावर पांढरा टिपका हाय. तुझ्या बापाला, नानासोला, ऊसतोडीला टोळी मिळंना म्हणून तो रोज कारखान्यावर जातो आन तोंड पाडून येतो. त्याच्याशी चार दिस कुणी बोलू नये असं झालंय.

शंभू, तुला एक गंमत सांगते. क्रांतीनं तिची ती नळी माझ्या छातीला लावली आन दुसरं टोक माझ्या कानात घातलं. माझं काळीज मी ऐकलं! एवढ्या वर्सांत ते माझ्याजवळ हुतं आन मला म्हाईत न्हवतं कसं वाजतंय ते. लांब नदीवर कुणीतरी लुगडं आपटतंय, तसं. मी तिला म्हणलं, "पोरी, हे काय मधीच फुसफुसतंय?" ती म्हणली, "आजी, तुमच्या काळजाचा एक दरवाजा नीट मिटत न्हाई." मी म्हणलं, नसू दे मिटत, आलागेला येईल की आत. मग ती खरंच हसली, पोट धरून. तवा तू पायजे हुतास.

बायका इचारत्यात, तुमची नातसून म्हंजी नेमकं कोण? डॉक्टरीण न्हाई म्हणता, नर्सबाई बी न्हाई म्हणता. मी आता सांगायला शिकले. फिजिशियन असिस्टंट! हे बोलायला मला लय दिस लागले, दात कमी हायत ना. तिचा बाप तुमच्यासारखाच मिल्ट्रीतला, पण दवाखान्याच्या खात्यातला, म्हणून त्याला मद्रासचं हे शिक्षण ठावं. मी बायकास्नी सांगते, मोठा डॉक्टर काळजाचं आपरेशन करतो ना, तवा ही त्याच्या समोरच्या अंगाला उभी असती. पेशंटच्या पायातली शीर सोडवून काढती आन डॉक्टरच्या हातात देती, मग ती शीर काळजाला जोडत्यात. हरणाबाईचा इश्वास बसंना. मी म्हणलं, अगं रानात पाइप चोंदला की दुसरीकडचा तुकडा आणून जोडत न्हाई का नानासो? तसंच. तवा तिला पटलं. आमच्या घरातली पोरगी काळजाचे पाइप जोडती, शंभू! मला तर रानातनं वरडत फिरावं वाटतं.

संक्रांत झोकात झाली. पहिली संक्रांत म्हणून तुझ्या आईनं काळी चंद्रकळा आणली, हलव्याचे दागिने मी आन हरणाबाईनं केले. क्रांती सांगलीसनं भोगीच्या दिशी आली, दवाखान्यातनं सरळ गाडीत बसून. हात मोकळेच हुते. बांगड्या रुमालात बांधून पिशवीत. आपरेशनच्या खोलीत बांगडी चालत न्हाई, अंगठी चालत न्हाई, कोपरापर्यंत हात घासून मग आत जायाचं असतं, तिनं समजावून सांगितलं. आन नेमकं त्याच दिशी तुझं पत्र आलं, जीप उलटल्याचं. तुझ्या आईनं एकदा पत्राकडं बघितलं आन एकदा तिच्या हाताकडं.

मग दुसऱ्या दिशी गुंडा कासाराला बोलावून तिच्या दोनी हातांत भरभरून चुडा भरला. हिरवागार. लय देखणी दिसती. जरा घट्ट हाय.

सांगलीला परत कवा जायाचं ते अजून ठरलं न्हाई. रथसप्तमी झाली, आता जाईल. घाई काय. ती घरात हाय तर मला बी करमतं. तिच्या हातचा चहा पिऊन माझी सवय बिघडली.

तुझ्या आज्याची पत्रं यायची तवा मला वाचता येत न्हवतं, मास्तर वाचून दाखवायचे. एखादी तार बी — ते जाऊ दे. आता तू पत्र पाठव, मी माझं माझं वाचीन. आन सवड झाली तर आईला एक ओळ लिही, सुनेच्या कामाबद्दल. काय लिहायचं ते तुला कळतं. जास्त मी सांगत न्हाई, बोटं दुखायला लागली.

ऊबदार ऱ्हा.

तुझी शिकलेली आजी,
अंबूबाई

---

मळ्यातनं
१ मार्च १९९६

शंभूराज,

आशीर्वाद हायतच, पण आधी रागावते. मग आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

तुझं पत्र आलं. नानासोनं सोप्यात बसून मोठ्यानं वाचलं. पाय बरा झाला हे वाचून जीव थाऱ्यावर आला, तुझ्या आईनं देवापुढं साखर ठेवली. पण पुढं तू काय लिहिलंस? "घरातलं तुमी मोठी माणसं ठरवा." आन क्रांतीला वायल्या दोन ओळी, "आईच्या मनासारखं वाग, मी आल्यावर बघू." आरं, तू शिपाई हायस का तलाठी? उद्या या, परवा बघू!

क्रांती दारात उभी ऱ्हाऊन ऐकत हुती. मोरीवर गेली आन भांडी घासायला बसली. भांडी घासून झाली तरी नळ चालूच. जाऊन बघते तर ती हात घासतेय. नखांपासनं कोपरापर्यंत, काथ्यानं, बांगड्यांच्या मधनं मधनं. एकेक बोट, मग तळवा, मग मनगट. मी म्हणलं, "कशाला गं?" म्हणली, "सवय मोडायला नको, आजी."

मागच्या पत्रात मी तुला समदं गोड गोड लिहिलं. आता नीट सांगते. घट्ट चुडा चुकून भरला न्हाई. गुंडा कासार तिच्या मापाच्या काढत हुता तर तुझी आई म्हणली, "एक माप बारीक घे." तो म्हणला, "वैनी, मग ह्या हातातनं निघायच्या न्हाईत." तुझी आई म्हणली, "निघू नयेतच." मी तिथंच बसले हुते, तीळ निवडत. मला ऐकू आलं. मी काय बोलले न्हाई, आन का बोलले न्हाई ते बी सांगते. मला बी ती हवी हुती घरात. दिसभर मी एकटी असते, रेडकाशी बोलते. ही आली तवापासनं घरात कुणीतरी इचारतं, आजी जेवला का, आजी पाय सुजला का. मला वाटलं, ऱ्हाईल महिनाभर तर कुणाचं काय जातंय.

तिचं जातंय, शंभू. मला ते कळलं न्हवतं.

मला वाटायचं, मद्रासची परीक्षा झाली, पास झाली, संपलं. तुझ्या आईचा सातवीचा दाखला ट्रंकेत हाय की न्हाई, तसा हिचा बी ठेवायचा. पण हिचा दाखला तसला न्हाई. हिचा दाखला जिता असतो. काम करत ऱ्हायलं तर जगतो, हात थांबला की मरतो. आधी डॉक्टरच्या हाताखाली सलग वरीसभर काम करायचं, मधी मोठा खंड पडला की पुन्यांदा पहिल्यापासनं. मग मद्रासवाले समोर उभं करून काम बघणार, तवा पक्का दाखला देणार. आन तो मिळाला तरी दर काही वर्सांनी दाखवायचं, की बघा, मी अजून करते, मी विसरले न्हाई. मी म्हणलं, म्हंजी ही मरस्तवर शाळाच की! म्हणली, व्हय आजी, तशीच.

एकदा तिनं माझ्या खाटेच्या पायाला दोरा बांधला आन एका हातानं गाठी मारत बसली. भराभरा, बघू पण देईना बोटं. टाके घातल्यावर अशीच गाठ मारायची असती म्हणं. बांगड्या वाजत हुत्या आन मनगटात रुतत हुत्या. तुझ्या आईनं बघितलं, ती दारातच थबकली. "आत्याबाई, ही खाटेला गाठी कसल्या बांधती? कुणाची करणी?" मी म्हणलं, "माझी करती, शकू. मी लवकर जावं म्हणून." तुझ्या आईला काय हसू आलं न्हाई. तिनं इळी घेऊन समदा दोरा कापला. आता क्रांती पदराच्या सुतावर गाठी मारती, पदराच्या आत हात घालून.

मला म्हणली, "आजी, हात विसरतो."

"हात कसा विसरंल गं? हात काय पोर हाय?"

"विसरतो. बोटं जड व्हायला लागली. डोक्याला समदं आठवतं, बोटांना आठवत न्हाई."

एवढं बोलताना पण रडली न्हाई. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुझ्या आईला वाईट म्हणू नगंस. तिचं तिला ठावं. सकाळी सून चहा घेऊन आली की ती आधी हात बघती, मग तोंड. जीप उलटली ती हात मोकळे हुते म्हणून, हे तिच्या डोक्यात जे बसलंय ते बसलंय. नानासो एकदा म्हणला, "अगं जीप डायवरनं उलटली." तर म्हणली, "तुमी ऊस बघा." तो ऊस बघायला गेला.

परवा सोसायटीच्या फोनवर सांगलीसनं निरोप आला. विश्रामबागेतल्या दवाखान्याचे सुमंत डॉक्टर स्वता बोलले. क्रांती पळत गेली, येताना चालत आली. डॉक्टर म्हणले, मी पाडव्यापर्यंत जागा धरून ठेवतो. पुढं मला दुसरं माणूस घ्यावं लागंल आन मद्रासला खंड पडला म्हणून कळवावं लागंल, माझा इलाज न्हाई. तिनं हे तुझ्या आईला सांगितलं. तुझी आई म्हणली, "पोरी, तुला मी कोंडून ठेवलंय का? दार उघडं हाय. चुड्यासकट जा." चुड्यासकट तिला त्या खोलीत कोण घेणार, हे तुझ्या आईला बी पाठ झालंय.

दार उघडं हाय आन तिला जाता येत न्हाई, असं हाय बघ.

म्हणून तुला सांगते. पाडवा जवळ आलाय. आईला लिही, की माझ्या बायकोचे हात मोकळे ऱ्हायले तर माझं काय बी वाईट व्हत न्हाई. तुझंच अक्षर पायजे, माझं तुझी आई मानत न्हाई. माझ्या हाताला काय किंमत! माझे हात तर — जाऊ दे, चूल इझली वाटतं.

आशीर्वाद उरलाय तो देते. शहाणा हो.

आजी

---

विश्रामबाग, सांगली
१२ एप्रिल १९९६

चिरंजीव शंभूराज,

वरती सांगली वाचून डोळे पुसलेस का? पुन्यांदा वाच. सांगलीच हाय. मी दवाखान्यात बसलेय, पण आजारी म्हणून न्हाई. तुझी बायको आतल्या खोलीत हाय, काळजाचं आपरेशन चाललंय, आन मी बाहेर बाकड्यावर बसून तुला लिहितेय. मांडीवर पुठ्ठा घेतलाय. समोरनं जाणारा प्रत्येक माणूस आधी माझं कपाळ बघतो, मग माझे हात बघतो आन मग पुढं जाऊन मागं वळून बघतो. मला लय मज्जा येती.

आता पहिल्यापासनं सांगते. तुझं पत्र पाडव्यापर्यंत आलं न्हाई. डाक अडकली असंल असं मी समद्यांना सांगितलं. अडकली हुती का तू लिहिलंच न्हवतंस, ते मला इचारायचं न्हाई.

पाडव्याच्या आदल्या दिशी गुंडा कासार आला. सणाला कुणाच्या फुटक्या-तडक्या बदलायला. अंगणात पेटी उघडून बसला, हरणाबाई आली, क्रांतीला तुझ्या आईनं बाहेर पाठवलं. तिचं मनगट तवा बघवत न्हवतं. कातडी सोलून लाल झाली हुती. तिचा नुसता गाडीच्या शिट्टीकडं कान. आपल्या मळ्यातनं सांगलीची गाडी ऐकू येती की न्हाई? शिट्टी झाली की तिचं हातातलं काम थांबायचं, गाडी लांब गेली की पुन्यांदा चालू.

मी गुंडाला म्हणलं, "हिच्या हातातला समदा चुडा उतरव. एक बी फोडू नगंस."

तो हसला. "आजी, मी भरायला फिरतो, उतरवायला न्हाई."

"उतरव म्हणते ना."

तुझी आई पुरणाच्या हातानं बाहेर आली. "आवं आत्याबाई, काय चाललंय हे?"

"तुझ्या सुनेचा चुडा काढतेय."

"माझं लेकरू तिकडं बंदुकीसमोर हाय, आन तुमी सणासुदीचं—"

"माझा बी नवरा हुता, शकू."

शंभू, मी ह्यावर कवा बोलत न्हाई. तुझ्या बापाशी बी बोलले न्हाई. पण तोंडातनं निघालं, मग थांबलं न्हाई. मी तिला म्हणलं, पासष्ट साली गौरीला मी नवा चुडा भरला हुता, ह्या गुंडाच्या बापाकडनं. कोपरापर्यंत. त्याच्या आधी बी एक दिस माझे हात मोकळे न्हवते. भांगलताना काटा घुसून हात भोपळ्यागत सुजला, सासू म्हणली काढ, मी काढला न्हाई, लढाई चालू हाय म्हणलं. आन मग तार आली. मला वाचता येत न्हवती. सुट्टीची असंल म्हणून मास्तरकडं घेऊन गेले, हसत गेले, वाटंत बायकास्नी सांगत गेले की मालक येणार. ह्या भरल्या हातानं मास्तरच्या हातात तार दिली. काय कमी पडलं हुतं गं माझ्या हातांत?

गुंडानं पेटीचं झाकण लावलं आन पुन्यांदा उघडलं.

मला वाटलं, आता तुझ्या आईला पटंल. ती खाली बसली, पुरणाचे हात तसेच वर धरून. म्हणली, "ते खरं हाय, आत्याबाई. पण मला भ्या वाटतं." 

एवढंच म्हणली. मग मला काय तिचा राग आला न्हाई. भ्या वाटतं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार? भ्या काय ऐकून घेतं व्हय? त्याला बसायला जागा पायजे असती.

मी माझे दोनी हात पुढं केले. म्हणलं, "शकू, त्याच्या नावाचा चुडा रुमालात, पिशवीत, फळीवर पडून ऱ्हायचा न्हाई, हेच ना तुझं? मग ऱ्हाणार न्हाई. ही त्या खोलीत असंल तवर माझ्या हातात. बाहेर आली की तिच्या. मी जाते संगं सांगलीला."

हरणाबाई म्हणली, "अंबू, शुद्धीवर हायस का?"

मी म्हणलं, "व्हय. तू बस खाली."

गुंडा पेटी आवरायला लागला. "आजी, तुमच्या हातात मी चुडा भरला तर गावात मला कुणी दार उघडणार न्हाई. माझ्या पोटावर पाय देऊ नका." बरोबर हाय त्याचं. तवा क्रांती उठली. घरातनं साबण आणला, मिठाची रिकामी पिशवी आणली, ती प्लॅस्टिकची. पिशवी हातावर चढवली, साबण लावला, अंगठा तळव्यात दुमडला, आन एकेक बांगडी सरकवत खाली आणली. घाई न्हाई, ओढणं न्हाई. दाताखाली ओठ धरला हुता फक्त. तवा मला कळलं, ही त्या खोलीत कशी उभी ऱ्हात असंल. एक बी तडकली न्हाई. आन मग माझ्या हातांत घातल्या. माझे हात काय, वाळल्या शेंगा. सरसर गेल्या वर.

एकतीस वर्सांनी माझ्या हातात काच वाजली, शंभू. मी हात हलवून बघितला. पुन्यांदा हलवून बघितला. मला हसू यायला लागलं आन थांबंना, आन बायकांना वाटलं म्हातारी रडतेय.

तुझी आई लांबनं क्रांतीच्या मनगटाकडं बघत हुती. तिथं गोल गोल वळ उठले हुते, जसा अजून चुडा हातातच हाय. लय येळ बघितलं. मग हात धुतले आन गुंडासमोर येऊन बसली. म्हणली, "एक माप मोठ्या काढ. रोज काढायच्या-घालायच्या तर ह्या मापानं पोरीचे हात सोलून निघतील."

दुसऱ्या दिशी गुढी उभारली आन आमी दोघी कोरेगावला गाडीत बसलो. स्टेशनवर तुझ्या आईनं डब्यात पुरणाच्या पोळ्या दिल्या. माझ्या हाताला हात लावून बघितला, क्रांतीच्या न्हाई. माझ्या.

तिचे वडील म्हणत हुते, माधवनगरला आमच्यात ऱ्हावा. पण व्याह्याच्या घरात मी म्हातारी कशी ऱ्हाणार? दवाखान्याच्या मागंच एक खोली घेतलीय. सकाळी ती माझ्यासमोर बसती, मी तिच्या हातातल्या काढते आन माझ्या हातात घालते, मग ती जाती. सुमंत डॉक्टरांनी पहिल्या दिशी तिला काय म्हणलं ठावं हाय? "आलीस? हात दाखव." तिनं दाखवले. त्यांनी वळ बघितले. म्हणले, "तीन आठवडे नुसती उभी राहून बघ. मग सुरी." आता आजपासनं तिच्या हातात सुरी दिली हाय. म्हणून मी आज खोलीवर न बसता इथं येऊन बसलेय. त्यांनी माझ्या काळजाचा दरवाजा बी तपासला. गोळ्या दिल्यात. म्हणले, आजी, जपून. मी म्हणलं, मी कशाला जपू, माझ्या हातात दुसऱ्याची वस्तू हाय, ती जपते.

आन तेच तुला सांगायचंय, हसण्यावारी नेऊ नगंस. मी तुझ्या आईला हुशारी शिकवायला गेले आन माझ्याच हातात सापडले. बांगडी हातात आल्यापासनं मी भिंतीला हात लावत न्हाई, बादली उचलत न्हाई, बसमधला दांडा धरत न्हाई. काल बाकड्यावर हात आपटला, किणकिण झालं, आन माझ्या तोंडचं पाणी पळालं. मोजून बघितल्या. समद्या हुत्या. बांगड्यांनी काय व्हत न्हाई हे मीच अंगणात समद्यांसमोर सांगितलं हुतं, आन मीच मोजत बसले. तुझी आई एवढी वर्सं कशी ऱ्हाती, ते मला आता कळतं. आपरेशन लांबलं की मी इथनं उठत न्हाई, पाणी प्यायला बी.

क्रांतीची मद्रासवाल्यांपुढची परीक्षा आता लांबली, तिला खंड भरून काढायचाय. मग पक्का दाखला. मग दर काही वर्सांनी पुन्यांदा. म्हंजी मला किती जगावं लागणार बघ! मी म्हणलं, जगते की. पण म्हातारीच्या हातावर किती दिस काढणार तुमी?

म्हणून तू सुट्टीला ये तवा घरी जायाच्या आधी सांगलीला उतर. सकाळी ये, ती कामावर निघताना. आन तुझ्या हातानं तिच्या हातातल्या बांगड्या काढ आन म्हण, जा. मला न्हाई, आईला न्हाई, तिला म्हण. ते तुझ्या तोंडनं ऐकल्याबगार ह्या बांगड्या कुणाच्याच हातातनं खऱ्या निघायच्या न्हाईत. ना तिच्या, ना तुझ्या आईच्या जिवातनं, ना माझ्या.

आत लाल दिवा अजून लागलाय. एक नर्सबाई बाहेर आली हुती, मी इचारलं, आमची पोरगी कशी हाय? म्हणली, "आजी, तुमच्या पोरीनं शीर काढून दिली, झकास." मी हात वर करून नमस्कार करणार हुते, पण वाजतील म्हणून हळूच केला.

ती बाहेर आली की चुडा तिला देते आन मग हे पत्र पेटीत टाकते.

तवर तुझ्या नावाचे हात मांडीवर धरून बसलेली,
तुझी आजी अंबूबाई